काचेच्या पोटातली रेघ

सख्यांनो, बांगडीवर नक्षी वरून कोरतात. पण वर ओरखडाही न पडता काचेच्या आत रेघ ओढता येते, हे ऐकून आम्हाला नवलच वाटले.

लेसरचा झोत फार जोरदार केला, की यंत्रातलीच काच खराब व्हायची. १९८५ साली अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात विद्यार्थिनी डोना स्ट्रिकलँड आणि तिचे गुरू जेरार मुरू यांनी युक्ती काढली. झोत आधी लांबवायचा, मग ताकद वाढवायची, शेवटी आखडायचा. शोधनिबंधावर पहिले नाव डोनाचे होते.

१९९६ मध्ये जपानमध्ये अतिआखूड झोताने काचेच्या पोटात प्रकाशाची वाट कोरली गेली.

२०१८ साली डोनाबाईंना नोबेल मिळाले. भौतिकशास्त्रात त्या तिसऱ्याच स्त्री.

आमच्या गटात माल साऱ्याजणी करायच्या, वहीत नाव एकीचेच. आता करणारीचे नाव आम्ही आधी लिहितो. तुमच्या वहीत कुणाचे आहे?