बदलीच्या माणसांचा मतदारसंघ

माणसाप्रमाणे मतदारसंघालाही स्वभाव असतो. आपल्या पुण्या-साताऱ्याकडे मतदार पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात राहतो. त्याचा आजा कोणाच्या पाठीशी उभा असे, हेही गावाला ठाऊक असते. नवी दिल्ली मतदारसंघाची गोष्ट निराळी आहे. १९३१ साली उद्घाटन झालेली ही राजधानी मुळातच कचेऱ्या आणि त्यांतील नोकरवर्ग यांच्यासाठी वसवली गेली. येथील कित्येक मतदारांचे घर सरकारचे, घराचा पत्ता अलॉटमेंटवर अवलंबून आणि मुक्काम बदलीच्या हुकुमापर्यंत. निवृत्तीनंतर काही महिन्यांत क्वार्टर रिकामे करावे लागते आणि त्या दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागते. अशा भाडेकरू मतदारांनी गेल्या सात दशकांत काय केले, याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक शासकीय सेवेत असल्याने कोणत्याही पक्षाची तरफदारी येथे आढळणार नाही.

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीत चार जागा होत्या आणि नवी दिल्ली ही त्यांपैकी एक. देशभर काँग्रेसची लाट होती. काँग्रेसच्या उमेदवार मनमोहिनी सहगल या स्वातंत्र्यसंग्रामात तुरुंगवास भोगलेल्या आणि नेहरू घराण्याशी नाते असलेल्या. तरीही निवडून आल्या त्या किसान मजदूर प्रजा पक्षाच्या सुचेता कृपलानी. राजधानीच्या ऐन मध्यभागातून सत्ताधारी पक्षाचा पराभव व्हावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढे सुचेताबाई काँग्रेसमध्ये परतल्या व १९५७ साली त्याच पक्षाच्या वतीने पुन्हा विजयी झाल्या. १९६० मध्ये त्या उत्तर प्रदेशाच्या मंत्रिमंडळात गेल्या. १९६३ साली त्या राज्याच्या मुख्यमंत्री झालेल्या या बाई म्हणजे भारतातील पहिल्या महिला मुख्यमंत्री. त्यांच्या रिकाम्या जागेवर १९६१ च्या पोटनिवडणुकीत जनसंघाचे बलराज मधोक निवडून आले.

या काळातील एक बाब आज विस्मरणात गेली आहे. दिल्लीची पहिली विधानसभा १९५६ साली विसर्जित झाली. महानगर परिषद आली ती १९६६ साली, आणि तिचेही अधिकार मुख्यतः सल्ला देण्यापुरतेच. शिवाय नवी दिल्लीचा नगरपालिका कारभार निर्वाचित नव्हे, तर नियुक्त मंडळाच्या हाती. तेथे नगरसेवकाची निवडणूक आजही होत नाही. म्हणजे ती दहा वर्षे येथील रहिवाशाला रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांबद्दल मतपेटीतून बोलण्यासाठी खासदाराच्या निवडणुकीखेरीज दुसरी जागाच नव्हती.

१९६२ मध्ये काँग्रेसचे मेहरचंद खन्ना विजयी झाले. पेशावरहून आलेल्या या नेत्याने केंद्रात पुनर्वसन व गृहनिर्माण ही खाती सांभाळली होती. १९६७ मध्ये मात्र परराष्ट्र सेवेतून बाहेर पडलेले जनसंघाचे मनोहरलाल सोंधी यांनी त्यांना हरवले. १९७१ च्या लाटेत काँग्रेसच्या मुकुल बॅनर्जी आल्या, तर १९७७ च्या उलट लाटेत जनता पक्षाचे अटलबिहारी वाजपेयी. त्या दोन्ही वेळी दिल्लीच्या सातही जागा एकाच बाजूस गेल्या. तेव्हा नवी दिल्लीने वाऱ्याची दिशा कधीच पाळली नाही, असे म्हणता येणार नाही.

पण १९८० साली वारा फिरला आणि हा मतदारसंघ जागचा हलला नाही. दिल्लीच्या सातपैकी सहा जागा काँग्रेसने जिंकल्या; नवी दिल्लीत वाजपेयींनी सी. एम. स्टीफन यांना ५,०४५ मतांनी मागे टाकले. १९८४ मध्ये वाजपेयी ग्वाल्हेरला उभे राहिले आणि तेथे माधवराव शिंदे यांच्याकडून पराभूत झाले, हे मराठी वाचकांस आठवत असेलच. इकडे नवी दिल्लीत काँग्रेसचे कृष्णचंद्र पंत विजयी झाले. १९८९ मध्ये लालकृष्ण अडवाणी आले. १९९१ मध्ये त्यांच्यासमोर चित्रपट अभिनेते राजेश खन्ना उभे राहिले आणि अडवाणींचे मताधिक्य अवघ्या १,५८९ वर उतरले. गांधीनगरमधूनही निवडून आलेल्या अडवाणींनी नवी दिल्लीची जागा सोडली, आणि १९९२ च्या पोटनिवडणुकीत राजेश खन्नांनी शत्रुघ्न सिन्हा यांचा पराभव केला. पुढे १९९६, १९९८ व १९९९ असे तीन वेळा जगमोहन विजयी झाले. २००४ मध्ये केंद्रीय मंत्री असतानाच त्यांना काँग्रेसच्या अजय माकन यांनी हरवले. जगमोहन यांच्याकडेही पूर्वी नगरविकास खाते होते. सरकारी घरांशी संबंधित खाती सांभाळलेले दोन नेते येथेच हरावेत, हा योगायोग असेल. पण भाडेकरूंनी घरमालकाचा हिशेब मांडावा तसा तो दिसतो खरा.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर लोकसभा मतदारसंघाचे क्षेत्र वाढले. करोलबाग, पटेलनगर, मोतीनगर, ग्रेटर कैलास असे भाग त्यात आले. माकन २००९ मध्ये पुन्हा जिंकले. २०१४ व २०१९ मध्ये भाजपच्या मीनाक्षी लेखी आणि २०२४ मध्ये त्याच पक्षाच्या बांसुरी स्वराज निवडून आल्या. कचेरीच्या माणसांचा जुना प्रभाव आता पाहायचा तो विधानसभेच्या लहान क्षेत्रात.

१९९३ साली दिल्लीस पुन्हा विधानसभा मिळाली. गोल मार्केट मतदारसंघातून प्रथम भाजपचे कीर्ती आझाद आले, नंतर १९९८ व २००३ मध्ये काँग्रेसच्या शीला दीक्षित. पुनर्रचनेत या भागाचा समावेश नवी दिल्ली विधानसभा क्षेत्रात झाला आणि २००८ मध्ये शीलाबाईंनी तेही जिंकले. पंधरा वर्षे मुख्यमंत्रिपद भूषविलेल्या या नेत्या २०१३ साली आम आदमी पक्षाच्या अरविंद केजरीवाल यांच्याकडून २५,८६४ मतांनी पराभूत झाल्या. २०१५ व २०२० मध्ये मोठ्या फरकाने जिंकलेले केजरीवाल २०२५ मध्ये भाजपच्या प्रवेश वर्मा यांच्याकडून ४,०८९ मतांनी हरले. ज्या मतदारांनी एका मुख्यमंत्र्याला घरी बसवून दुसरा घडवला, त्यांनीच बारा वर्षांनी त्या दुसऱ्यासही निरोप दिला.

या साऱ्याचे श्रेय एकट्या सरकारी नोकरांना देणे अन्यायाचे होईल. फाळणीनंतर आलेली पंजाबी कुटुंबे, कनॉट प्लेस व गोल मार्केटचे व्यापारी, बंगल्यांच्या मागील खोल्यांत राहणारे माळी-आचारी, गांधीजींनी मुक्काम केलेल्या मंदिर मार्गावरील वाल्मीकी वस्तीतील सफाई कामगार, हे सारेच येथील मतदार. परंतु नोकरवर्गाचे एक वैशिष्ट्य इतर कोणात नाही. १९६४ च्या केंद्रीय सेवा वर्तणूक नियमांतील पाचव्या नियमानुसार आम्हांस प्रचार करता येत नाही. घरावर वा वाहनावर निवडणूक चिन्ह लावता येत नाही. मत देता येते, पण ते कोणास देणार अथवा दिले, हे सूचितही करता येत नाही. राजकारणात ज्यांना तोंड उघडण्यास मनाई आहे, त्यांच्याजवळ बोलण्याचे साधन एकच, आणि तेही पडद्याआड. म्हणूनच या मतदारसंघाचा कल आधी कोणास कळत नसावा, आणि बलाढ्य नेत्यांना निकालाच्या दिवशीच तो समजत असावा.

आता थोडे आपल्या मंडळींविषयी. मंडळाच्या कट्ट्यावर सांगली-कोल्हापूरच्या जागांवर तासन्‌तास वाद रंगतो. मात्र वाद घालणाऱ्यांपैकी कित्येकांचे नाव तेथील यादीत उरलेले नसते आणि येथील यादीत चढलेले नसते. ‘दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे’, असे म्हणता म्हणता वीस वर्षे जातात. वस्तुतः १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे मतदाराचे स्थान ठरते ते सर्वसाधारण निवासावरून. गावी वाडा आहे एवढ्यावरून तेथील मतदार होता येत नाही. जेथे आपली चूल पेटते, तेथेच आपले मत.

हे सांगण्यास आज विशेष कारण आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर आदी सात वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. जुने बैठे व दुमजली क्वार्टर गेले, कुटुंबे पांगली आणि त्यांबरोबर मतदारयादीतील जुनी पानेही विसकटली. नव्या उंच इमारतींत येणाऱ्याने वीज आणि गॅसच्या अर्जाबरोबर मतदार नोंदणीचाही अर्ज भरावा, एवढीच विनंती. ५,०४५, १,५८९ आणि ४,०८९ हे आकडे पुन्हा एकदा पाहावेत. राजधानीतील मोठमोठ्या नेत्यांचे भवितव्य ज्यावर ठरले, तो फरक एखाद-दुसऱ्या सरकारी कॉलनीतील मतांइतकाच होता.