जेत्यांच्या पंक्तीत

बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या मारतहळ्ळीचे नाव कानी पडताच मराठी माणूस थबकतो. त्या नावाचे नाते मराठ्यांशी जोडण्याचा मोह आवरलेला बरा. मराठ्यांचा या मुलखाशी आलेला संबंध व्युत्पत्तीवर अवलंबून नाही. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने टिपूकडून बंगळूरचा किल्ला घेतला. मे महिन्यात श्रीरंगपट्टणहून त्याची उपाशी फौज माघारी वळली, तेव्हा हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांचे सैन्य येऊन मिळाले आणि मराठ्यांच्या बाजारातून इंग्रजांना धान्य मिळाले. दर अर्थातच चढे होते.

मार्च १७९२ च्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले. ३ कोटी ३० लक्ष रुपये दंड ठरला आणि दोन कोवळे राजपुत्र ओलीस राहिले. मुलूख पेशवे, निजाम व कंपनी यांनी वाटून घेतला. मात्र म्हैसूरचे राज्य समूळ बुडावे, असे पुण्याच्या कारभाऱ्यांना वाटत नव्हते. टिपू खचावा, पण उरावा. तो उरला तर इंग्रजांस दक्षिणेत शह राहील, असा तो हिशेब होता. ह्या धोरणाला औदार्य म्हणण्याचे कारण नाही. त्याच मोहिमेत पटवर्धनांच्या फौजेकडून शृंगेरीचा मठ लुटला गेला होता.

पुण्याचा हिशेब सात वर्षे टिकला. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला. ह्या खेपेस वाटणी वेलस्लीच्या मर्जीने झाली. त्याने पाच वर्षांच्या कृष्णराज वडेयरांस गादीवर बसविले, कारभार टिपूच्याच पूर्णय्यांकडे ठेवला आणि तैनाती फौजेसाठी वार्षिक सात लक्ष होनांची रक्कम लावून दिली. पेशव्यांसही काही प्रांत देऊ केला होता, पण निजामाशी असलेल्या तंट्यात इंग्रजांची मध्यस्थी मानावी, अशी त्यास अट होती. पुण्याने तो नाकारला. नाना फडणीस तेव्हा हयात होते. देणगीतले दावे त्यांना दिसले असले पाहिजे.

म्हैसूरची व्यवस्था लावणाऱ्या त्या मंडळाचा एक चिटणीस जॉन माल्कम होता. पुढे जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण आला तो ह्याच माल्कमला. बाजीरावास वार्षिक आठ लक्षांचे वेतन ठरले व त्याची रवानगी ब्रह्मावर्तास झाली. त्याआधीच, फेब्रुवारीत, एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढून छत्रपतींसाठी एक लहानसे राज्य राखण्याचे वचन दिले होते. पेशवाई बुडाली, पण गादी राहिली, असे रयतेला दिसावे, ही त्यातली मेख होती. जुनी गादी पुढे करून नवी सत्ता रुजविण्याचा हा धडा म्हैसुरात गिरवून झाला होता. त्या वेळी आपण जेत्यांच्या बाजूस असल्याने तो आपल्याला नीट वाचता आला नाही, असे मला वाटते.

१८१९ च्या तहाने प्रतापसिंहांचे राज्य कागदावर आले. इंग्रजांच्या परवानगीवाचून परराज्याशी पत्रव्यवहार करावयाचा नाही, अशी त्यात अट होती. तिचा भंग केल्याच्या आरोपावरून १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले. म्हैसूरचा कारभारही १८३१ मध्ये कंपनीने काढून घेतला होता. तो १८८१ मध्ये वडेयरांस परत मिळाला. सातारा १८४८ मध्ये खालसा झाला, तो खालसाच राहिला.