मूठमाती

मय्यत कबरीत उतरवली, वर फळ्या रचल्या, की जमलेला प्रत्येक जण पुढे होऊन तीन-तीन मुठी माती टाकतो. मोठ्यांचे पाहून लहान मुलेही टाकतात. मराठीत दफनाला मूठमाती देणे म्हणतात, तो शब्द आम्हाला म्हणूनच कधी परका वाटला नाही. शरीअतीने या कामाला फर्जे-किफाया म्हटले आहे. वस्तीतल्या काही जणांनी ते केले तर सगळे सुटले. कोणीच केले नाही तर सगळी वस्ती गुन्हेगार. आणि हे काम माणसाला शिकवले कोणी, तर एका कावळ्याने. भावाला मारून बसलेल्या काबीलला हाबीलच्या प्रेताचे काय करावे हे कळेना, तेव्हा जमीन उकरणारा कावळा त्याला दिसला, अशी कथा कुरआनच्या सूरह माइदामध्ये आहे. म्हणजे पहिले दफन हे भावाने भावाच्या केलेल्या खुनानंतरचे दफन होते.

ग्रीकांच्या एका जुन्या शोकांतिकेची सुरुवातही अशीच दोन भावांपासून होते. इ.स.पू. ४४१ च्या सुमारास अथेन्समध्ये सोफोक्लीजचे ‘अँटिगनी’ रंगमंचावर आले. थीब्ज शहराच्या गादीसाठी दोन भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. एटिओक्लीस शहराच्या बाजूने लढला होता, म्हणून त्याला इतमामाने मूठमाती मिळाली. पॉलिनायसीस परक्यांचे सैन्य घेऊन आपल्याच शहरावर चालून आला होता. त्याचे प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांसाठी टाकावे, जो कोणी पुरेल त्याला देहान्त, असा हुकूम नवा राजा क्रेऑनने काढला. क्रेऑन हा या दोघांचा सख्खा मामा. त्यांची बहीण अँटिगनी हुकूम मोडून भावाच्या प्रेतावर मूठभर कोरडी माती टाकते, पकडली जाते, कबूल करते. तिला जिवंतपणी गुहेत चिणण्याची शिक्षा होते आणि तिथे ती गळफास लावून घेते. तिच्याशी लग्न ठरलेला क्रेऑनचा मुलगा हेमॉन तिच्या प्रेताशेजारी तलवारीने जीव देतो, आणि ते ऐकून क्रेऑनची राणीही.

या नाटकाकडे व्यक्ती विरुद्ध राज्यसत्ता, दैवी कायदा विरुद्ध मानवी कायदा, असे पाहण्याचा रिवाज आहे. तो चूक नाही. परंतु त्या दिवशी नाट्यगृहात बसलेले अथेन्सचे लोक कोण होते, हे पाहिले की नाटक वेगळे दिसू लागते. त्याच्या दहाच वर्षे आधी, इ.स.पू. ४५१ मध्ये, पेरिक्लीजने नागरिकत्वाचा नवा कायदा करून घेतला होता. तोपर्यंत बाप अथेन्सचा असला की पुरे होते. आता आई आणि बाप दोघेही अथेन्सचेच असले पाहिजेत, असे ठरले. पुढे इ.स.पू. ४४५ च्या सुमारास इजिप्तहून एका राजाने अथेन्सला धान्य भेट पाठवले. ते फक्त नागरिकांना वाटायचे होते, त्यामुळे नागरिक कोण याची छाननी सुरू झाली. सुमारे ५,००० माणसांची नावे यादीतून उडाली, असे प्लुटार्क सांगतो. त्यांना गुलाम म्हणून विकले गेले, असेही तो म्हणतो. आजचे इतिहासकार त्यावर विश्वास ठेवायला तयार नाहीत. पण नावे उडाली हे खरे असेल तर नाटकापूर्वी चारच वर्षे आधी हे झाले. काल शेजारी बसणारा आज यादीत नाही, हा अनुभव त्या प्रेक्षकांना ताजा होता. धान्यवाटपाच्या निमित्ताने कागद तपासण्याची ही रीत किती जुनी आहे, हे वाचून आम्ही थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. गंमत अशी की कायदा पेरिक्लीजच्याच घरावर उलटला. तो ज्या अ‍ॅस्पेशियाबरोबर राहत होता ती मिलेटसची, म्हणजे परकी. तिच्यापासून झालेला मुलगा नागरिक ठरेना. साथीत थोरले दोन्ही औरस मुलगे गेले, तेव्हा पेरिक्लीजला आपल्याच कायद्याला अपवाद करावा म्हणून लोकांपुढे हात पसरावे लागले. लोकांनी तो केला. मोठ्या माणसाच्या मुलासाठी अपवाद होतो.

अथेन्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहूनही नागरिक नसलेल्या लोकांना ‘मेटिक’ म्हणत. त्यांनी व्यापार करावा, कारागिरी करावी, लढाईत उतरावे. पण जमीन घेता येत नसे, मत देता येत नसे. मेटिक पुरुषाला वर्षाला १२ द्राख्मा डोक्याचा कर होता, एकट्या राहणाऱ्या बाईला ६, आणि कोणी तरी नागरिक पाठीराखा दाखवावा लागे. आता नवल हे की गुहेकडे जाताना अँटिगनी स्वतःला हाच शब्द लावते. जिवंतांतही आपण उपऱ्या आणि मेलेल्यांतही उपऱ्या, अशा अर्थाचे ती बोलते. ती राजकन्या आहे, ईडिपसची लेक. तिच्याहून अस्सल थीब्जची कोण? तरीही एका हुकुमाने ती आपल्याच गावात भाडेकरू होते. मराठी-हिंदीत नाटकाचा गाभा सांगताना हा शब्द बहुधा गळून जातो. आमच्या मते त्या शब्दावरच सगळे उभे आहे.

अर्थात अँटिगनीला आजच्या अर्थाने समतावादी करण्याची घाई करू नये. मेलेला भाऊ होता, गुलाम नव्हता, असा तिचाही एक युक्तिवाद आहे. म्हणजे गुलामाच्या प्रेताचे काय, हा प्रश्न तिच्या मनाला शिवत नाही. दुसरीकडे क्रेऑनलाही निव्वळ जुलमी ठरवता येत नाही. अथेन्सच्या कायद्यानेसुद्धा देशद्रोह्याला आणि देवळावर दरोडा घालणाऱ्याला अ‍ॅटिकाच्या भूमीत पुरायला बंदी होती. सलामिसची लढाई जिंकून देणारा थेमिस्टोक्लीज पुढे देशद्रोही ठरला आणि इराणी साम्राज्यात मॅग्नेशियाला मेला. त्याच्या हाडांबद्दल थ्युसिडिडीझने लिहिले आहे की नातेवाइकांच्या सांगण्याप्रमाणे ती गुपचूप आणून अ‍ॅटिकात पुरली गेली. कायद्याने मनाई होती म्हणून गुपचूप. म्हणजे अँटिगनी हे काल्पनिक पात्र असले तरी तिचे काम करणारे लोक अथेन्समध्ये होते. फरक एवढाच की अथेन्सचा कायदा प्रेत हद्दीबाहेर नेऊन पुरायला हरकत घेत नव्हता. क्रेऑनने तेही नाकारले. त्याने माणसाला शहरातून काढले नाही, मातीतूनच काढले.

बायकांच्या रडण्यावरही अथेन्सची नजर होती. सोलोनने इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी जनाज्यातला आक्रोश, गाल ओरबाडणे, ठरावीक विलापगीते यांवर बंधने घातली होती. युद्धात पडलेल्यांची हाडे राज्य स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या कब्रस्तानात पुरू लागले, आणि दुःख व्यक्त करण्याचे काम घरच्या बाईकडून भाषण देणाऱ्या पुढाऱ्याकडे गेले. नाटकात भावाच्या उघड्या प्रेतापाशी पक्षिणीसारखी किंचाळणारी मुलगी पाहणाऱ्यांना हे सगळे माहीत होते. तिची भूमिका मुखवटा घातलेल्या पुरुषानेच केली होती, हेही जाता जाता सांगायला हवे.

एवढे सगळे आठवायचे कारण कमिला शम्सी यांची ‘होम फायर’ ही इंग्रजी कादंबरी. लेखिकेचा जन्म कराचीचा, १९७३ चा. २०१३ मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले. कादंबरी २०१७ मध्ये आली आणि २०१८ चे स्त्रियांच्या कथालेखनासाठीचे ब्रिटनमधील मोठे पारितोषिक तिला मिळाले. लंडनच्या वेम्बली भागातल्या पाशा घराण्याची ही गोष्ट. बाप जिहादी, ग्वांतानामोला नेताना वाटेत मेलेला. थोरली इस्मा, आणि अनीका व परवेझ ही जुळी. परवेझला आवाज ध्वनिमुद्रित करण्याचा छंद. बापाच्या शौर्याच्या गोष्टी सांगणारा एक जण त्याला भेटतो आणि रक्काला, ‘इस्लामिक स्टेट’च्या प्रसारखात्यात नेऊन सोडतो. तिथले पाहून तो हादरतो, पळतो, इस्तंबूलमधल्या ब्रिटिश वकिलातीपर्यंत पोहोचतो आणि दारापाशीच मारला जातो. ब्रिटनचा गृहमंत्री करामत लोन हा स्वतः पाकिस्तानी मुसलमान घरातला. तो ठरवतो की या मुलाचे नागरिकत्व गेलेले आहे, प्रेत पाकिस्तानला जाईल, ब्रिटनच्या मातीत नाही. अनीका कराचीला जाते आणि ब्रिटिश कचेरीजवळच्या बागेत, बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेल्या भावाच्या प्रेताशेजारी बसते. सोफोक्लीजच्या नाटकात धुळीचे वादळ येते, तसे इथेही येते. करामतचा मुलगा एमन तिच्यावर प्रेम करतो. त्याचे नाव खरे तर अयमन. आईबापांनी ते आयरिश पद्धतीने लिहायला सुरुवात केली. नावाचे एवढेसे स्पेलिंग, पण त्यात एका घराण्याची सगळी महत्त्वाकांक्षा आहे.

शम्सींनी केलेला सर्वांत मोठा बदल आम्हाला अनीकात दिसत नाही, इस्मात दिसतो. सोफोक्लीजची इस्मेनी आपण बायका आहोत, पुरुषांशी लढू शकत नाही, म्हणून मागे सरते. इस्मा मागे सरत नाही. ती पुढे होऊन परवेझची खबर पोलिसांना देते. धाकट्या बहिणीला वाचवायचे तर घरातल्या कोणी काही लपवले असे दिसता कामा नये, हा तिचा हिशोब. कादंबरी सुरूच होते ती हीथ्रो विमानतळावर तिला ताटकळत ठेवून शिया-सुन्नी, राणी, इराक असल्या विषयांवर विचारलेल्या प्रश्नांपासून. त्या चौकशीची तिने घरी तयारी करून ठेवलेली असते. अनीका तिला माफ करत नाही. वाचकाला मात्र इस्मावर रागावता येत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. ज्या घरावर आधीच डोळा आहे, त्या घरातल्या थोरल्या बहिणीपुढे दुसरा कोणता रस्ता होता? अनीकाचे शौर्य पाहून टाळ्या येतात. पण आमच्या मोहल्ल्यांतून पाहिले तर इस्मा जास्त भेटतात.

करामत हाही साधा खलनायक नाही. त्याने शाळेतल्या मुसलमान मुलांना जाहीर सल्ला दिलेला असतो की पोशाखाने, वागण्याने, जुन्या निष्ठांनी स्वतःला वेगळे पाडू नका. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे आपले भले होईल, ही भाबडी समजूत आपल्यात फार आहे. खुर्चीवरच्या ‘आपल्या’ माणसाला रोज सिद्ध करावे लागते की तो आपला नाही. क्रेऑन मामा होता म्हणून हुकूम सौम्य झाला नव्हता, उलट भाच्याच्या बाबतीत ढिला पडला असे कोणी म्हणू नये ही त्याची काळजी होती.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर जे घडले ते लेखिकेला ठाऊक असणे शक्य नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये साजिद जाविद ब्रिटनचे गृहमंत्री झाले; पाकिस्तानातून आलेल्या बस-ड्रायव्हरचा मुलगा. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी शमीमा बेगम हिचे नागरिकत्व काढले. ती लंडनमध्ये जन्मलेली, २०१५ मध्ये १५ वर्षांची असताना दोन मैत्रिणींबरोबर सीरियाला गेलेली. आईबापांमुळे ती बांगलादेशी होऊ शकते, असा सरकारचा आधार. बांगलादेशाने ती आमची नव्हे असे सांगितले. पुढच्याच महिन्यात छावणीत तिचे तान्हे मूल मेले. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील चालवण्यासाठी परत येण्याची तिची मागणी नाकारली, २०२३ आणि २०२४ मध्ये तिची अपिलेही फेटाळली गेली. या कायद्याची वाढ पायरीपायरीने झाली. २००२ पर्यंत ब्रिटनमध्ये जन्मलेल्याचे नागरिकत्व काढताच येत नव्हते. २००६ मध्ये ‘लोकहिताला पोषक’ एवढेच कारण पुरेसे झाले. २०२२ मध्ये काही परिस्थितीत नोटीस न देताही ते काढता येऊ लागले. ज्याच्यापाशी दुसऱ्या देशाचे नाते निघू शकते त्याचेच नागरिकत्व असे सुटे होते. ज्याचे आजोबा-पणजोबा इंग्लंडचेच, त्याने कितीही भयंकर गुन्हा केला तरी तो तुरुंगात जातो, यादीतून नाही. रत्नागिरी-रायगडकडची किती तरी कोकणी घराणी इंग्लंडात स्थायिक आहेत. त्यांच्या तिसऱ्या पिढीलाही ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये.

आता आमच्याच शहराची गोष्ट. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात नऊ दहशतवादी मारले गेले. मरीन लाईन्सच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी त्यांना आपल्या जमिनीत जागा द्यायला नकार दिला. निरपराधांना मारणारे हे लोक मुसलमान म्हणवण्याच्या लायकीचे नाहीत, अशी भूमिका होती. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर मेलेल्यांत किती तरी मुसलमान होते, त्यांच्या कबरी ताज्या होत्या. आम्हीही तेव्हा मान डोलावली. आजही तो नकार चूक होता असे म्हणायला आमची जीभ रेटत नाही. तरीही ‘अँटिगनी’ पुन्हा वाचताना वाटले की त्या नकारात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक सच्चा संताप, जो प्रत्येक मुंबईकराचा होता. आणि दुसरी इस्माची तयारी: विमानतळावर कोणी विचारण्याआधीच उत्तर देऊन टाकण्याची. यांतली पहिली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे आम्हाला तेव्हा सांगता आले नसते, आणि आताही नेमके येत नाही.

थीब्जमध्ये राजाने मनाई केली आणि बहिणीने माती दिली. मुंबईत बिरादरीने मनाई केली. पाकिस्तानने प्रेते नेली नाहीत. नऊ जणांपैकी कोणासाठी बहीण आली नाही. येणे शक्यही नव्हते. वर्षाहून अधिक काळ ती प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून राहिली. मग एप्रिल २०१० मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी विधिमंडळात सांगितले की सरकारने त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचे गुप्तपणे दफन केले आहे. कुठे, ते त्यांनी सांगितले नाही.