डेल्फ्टच्या खोल्यांतला उजेड

सतराव्या शतकाच्या मध्यावर हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरात घरातली साधी खोली हाच चित्राचा विषय झाला. कॅल्व्हिनपंथीयांनी चर्चमधून चित्रे काढून टाकल्यामुळे चित्रकारांचे जुने गिऱ्हाईक गेले होते. नवे गिऱ्हाईक म्हणजे व्यापारी आणि कारागीर. डेल्फ्टचा चित्रकार व्हर्मीर याचे एक चित्र तर गावातल्या एका पाववाल्याकडे होते. या लोकांना बेताच्या आकाराची, आपल्या घरात शोभतील अशी चित्रे हवी असत.

पीटर द होख (जन्म १६२९) या चित्रकाराने पुढची खोली मंद उजेडात ठेवली आणि उघड्या दारातून पलीकडचे लख्ख अंगण दाखवले. नजर आपोआप आत ओढली जाते. फरशीच्या रेषा एका बिंदूकडे नेण्यासाठी चित्रकार त्या ठिकाणी टाचणी खोचून खडू लावलेला दोरा ताणत. व्हर्मीरच्या (१६३२–१६७५) डझनभराहून अधिक चित्रांत त्या टाचणीचे भोक सापडले आहे.

व्हर्मीरच्या चित्रांत खिडकी बहुधा डावीकडे असते. पण खरे कसब भिंतीवर दिसते. त्याच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्रात खिडकीलगतची भिंत काळोखी आहे आणि बाईच्या पाठीमागची उजळ. त्यामुळे तिची उजेडातली बाजू सावलीवर उठते, सावलीतली बाजू उजेडावर. पांढरी दिसणारी ही भिंत शिसे-सफेदा, अंबर माती आणि कोळशाचा काळा यांच्या मिश्रणाची आहे. खिळ्याची भोकेसुद्धा रंगवली आहेत. चोळीला शिसे-कथलाचा पिवळा रंग, तर कमरेच्या वस्त्राला अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा महागडा निळा. भिंतीवर आधी सुरया टांगायची फळी होती. व्हर्मीरने ती स्वतःच बुजवली. मोकळी भिंत त्याने अशी काटछाट करून मिळवली. त्याच्याच ड्रेस्डेनमधल्या चित्रात पत्र वाचणाऱ्या मुलीमागची रिकामी भिंत मात्र दुसऱ्याच कोणाच्या कुंचल्याची निघाली. खाली लपलेला मदन २०२१ मध्ये उजेडात आला. त्या भिंतीच्या मोकळेपणाचे आधी झालेले कौतुक आता थोडे अवघडच वाटते.

द होख १६६० च्या सुमारास ॲमस्टरडॅमला गेला. तिथे त्याच्या खोल्या श्रीमंत झाल्या, संगमरवरी झाल्या, पण उजेडातली ऊब ओसरली. १६७२ मध्ये फ्रेंच सैन्य देशात घुसले, तशी चित्रांची बाजारपेठ कोसळली आणि तीन वर्षांनी व्हर्मीर कर्जात वारला. पुढे त्याचे नाव इतके मागे पडले, की चित्रकाराची कार्यशाळा दाखवणारे त्याचे प्रसिद्ध चित्र १८१३ मध्ये द होखचे म्हणून विकले गेले. फ्रेंच समीक्षक तोरे-बुर्गेर याने १८६६ मध्ये व्हर्मीरवर सविस्तर लेखमाला लिहिली, तेव्हा कुठे दोघांची चित्रे पुन्हा नीट वेगळी होऊ लागली.