काटा खाली आला की घाबरायचं

इंजिन तापलं की काटा वर चढतो, एवढं गाडी चालवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. ट्रायम्फ स्टॅगच्या मालकांना आणखी एक गोष्ट शिकावी लागली. वर चढलेला काटा आपोआप खाली आला, तर हायसं वाटून घ्यायचं नाही. गाडी ताबडतोब बाजूला घ्यायची. तापमान मोजणाऱ्या सेन्सरला गरम पाण्याचा स्पर्श लागतो. पाणीच उरलं नसेल तर तो मोजणार काय? डॅशबोर्डवर सगळं आलबेल, आणि बॉनेटखाली ॲल्युमिनियमचं हेड वाकायला लागलेलं.

१९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये कितीतरी जणांची ही देखणी स्पोर्ट्स कार वाफा सोडत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मग गॅरेज, मग खर्चाचा आकडा, आणि मग तो प्रश्न: हेच इंजिन पुन्हा बांधायचं, दुसरं बसवायचं, की गाडीच विकून मोकळं व्हायचं? गेल्या पन्नास वर्षांत या प्रश्नाचं उत्तर दोनदा बदललं. ते का बदललं, हे मला खुद्द इंजिनापेक्षा जास्त रंजक वाटतं.

सुरुवात इटलीत होते. जिओव्हानी मिकेलोत्ती हा तुरीनचा डिझायनर ट्रायम्फसाठी बरंच काम करायचा. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी त्याचं काम पाहिलंय, फक्त त्याचं नाव त्यांना माहीत नसेल. मद्रासमध्ये बनणारी स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे मूळची ट्रायम्फ हेराल्ड, आणि ती त्यानेच रेखाटलेली. तर या मिकेलोत्तीने १९६० च्या दशकाच्या मध्यावर ट्रायम्फचे मुख्य इंजिनिअर हॅरी वेबस्टर यांच्याकडून एक जुनी ट्रायम्फ २००० सेदान मागून घेतली. मोटर शोमध्ये मांडायला काहीतरी करून बघतो, म्हणाला. सेदानचं छत कापून त्याने तिची अशी काही सुंदर उघडी गाडी केली की वेबस्टर बघताक्षणी हरखले. ती शोमध्ये जाण्याऐवजी कॉव्हेंट्रीला आली आणि कंपनीचा प्रकल्प बनली. तिचं नाव पडलं स्टॅग.

गाडी चार जणांची, लांबच्या प्रवासाला योग्य, डोक्यावर आकाश. तिला साजेसं इंजिन म्हणून ट्रायम्फने नवा व्ही-८ बनवायला घेतला. नवा म्हणजे अगदी शून्यातून नव्हे. त्यांच्याकडे एका बाजूला कललेलं चार सिलिंडरचं इंजिन तयार होत होतं, स्वीडनच्या साब कंपनीच्या ९९ मॉडेलमध्ये ते आधी बसलं. तशी दोन इंजिनं एका क्रँकशाफ्टवर जोडली की व्ही-८. एका डिझाइनमधून दोन उत्पादनं. कागदावर यात खोट काढायला जागाच नाही. मी त्या खोलीत असतो तर मीही हात वर केला असता.

पण याच सुमारास कंपनीच बदलली. लेलँड समूहात १९६७ मध्ये रोव्हर आली आणि १९६८ मध्ये अजून मोठं विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड नावाचा अवाढव्य डोलारा उभा राहिला. आता एकाच घरात दोन व्ही-८ होते. रोव्हरचा ३.५ लिटरचा, अमेरिकेतल्या ब्यूइककडून हक्क घेऊन आणलेला, सगळा ॲल्युमिनियमचा, वजनाला हलका आणि रस्त्यावर धावत असलेला. आणि ट्रायम्फचा, जो अजून जन्मायचा होता. वेबस्टर यांची बदली झाली आणि त्यांच्या जागी आले स्पेन किंग, तेही रोव्हरमधून आलेले. त्यांनी २.५ लिटरचं इंजिन ३ लिटरचं केलं, फ्युएल इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर लावले, पण इंजिन ट्रायम्फचंच ठेवलं.

का ठेवलं? रोव्हरचं इंजिन स्टॅगमध्ये मावणार नाही असं तेव्हा सांगितलं गेलं, अशी गोष्ट आहे. रोव्हरला जास्तीची इंजिनं पुरवणं जमलं नसतं हेही एक कारण दिलं जातं. शिवाय ट्रायम्फच्या इंजिनावर तोवर पैसा आणि माणसांची वर्षं खर्च झालेली होती. ज्यांनी दोन कंपन्यांचं विलीनीकरण आतून पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. दोन टीम, दोन सिस्टीम, आणि ‘तुमचं आमच्यात बसणार नाही’ हे वाक्य. ते तांत्रिक वाक्य असतं, पण नेहमी फक्त तांत्रिक नसतं. ‘मावणार नाही’ हा शेरा लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

जून १९७० मध्ये ब्रिटिश लेलँडने एकाच महिन्यात दोन नव्या गाड्या आणल्या. एक रेंज रोव्हर, रोव्हरच्या व्ही-८ सह. दुसरी स्टॅग, ट्रायम्फच्या व्ही-८ सह. रोव्हरचं इंजिन २००० सालानंतरही बनत होतं. ट्रायम्फचं इंजिन स्टॅगशिवाय दुसऱ्या कुठल्याच गाडीच्या उत्पादनात गेलं नाही आणि १९७७ मध्ये स्टॅगबरोबरच संपलं.

पहिली काही महिने मात्र कौतुकाची. पुढच्याच वर्षी ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये जेम्स बाँड स्टॅग चालवताना दिसला. आवाज तर असा की आजही लोक त्यासाठी गाडी घेतात. मग वाफा सुरू झाल्या.

नेमकं काय बिघडत होतं? एकच एक कारण असतं तर गोष्ट सोपी झाली असती. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. अशा जोडीला कूलंटमध्ये गंजरोधक वर्षभर लागतो. अँटिफ्रीझ म्हणजे हिवाळ्यात घालायची गोष्ट असं मानणारे मालक आणि मेकॅनिक तेव्हा भरपूर होते. वॉटर पंप इंजिनाच्या मधल्या खोबणीत, वरच्या बाजूला बसवलेला. पाणी थोडं जरी कमी झालं तरी सगळ्यात आधी पंपच कोरडा पडायचा. म्हणजे ज्याने संकटात काम करायचं तोच पहिला राजीनामा देणार. हेड धरून ठेवणारे बोल्ट आणि स्टड दोन वेगवेगळ्या कोनांत होते. गंज लागला की स्टड हेडमध्ये असे अडकायचे की हेड उतरवणं ही स्वतंत्र लढाई व्हायची. टायमिंग चेन लांब आणि एकेरी. ४०-५० हजार किलोमीटरला ती बदलायची असते हे ज्याला माहीत नाही, त्याच्या इंजिनात एक दिवस चेन दात सोडायची आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळायचे.

आणि वाळू. ब्लॉक ओतताना आतल्या पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवतात. ओतकाम झालं की ती वाळू झाडून, धुवून काढायची असते. कोल्हापूरकडच्या वाचकांना हे मी सांगायची गरज नाही. स्टॅगच्या कित्येक ब्लॉकमध्ये ती वाळू पूर्ण निघालीच नव्हती. ती पाण्याबरोबर फिरायची आणि जिथे वाट अरुंद तिथे साचायची. तुम्ही गाडी कितीही जपून चालवा, हा दोष फाउंड्रीतून तुमच्याबरोबर आलेला.

म्हणजे काही चुका डिझाइनच्या, काही कारखान्याच्या, काही सर्व्हिसिंगच्या. पण कडेला उभ्या असलेल्या मालकाला त्या वेगळ्या दिसत नाहीत. त्याला वाफ दिसते. तो गॅस्केट बदलतो, गाडी पुन्हा तापते. तो हेड घासून सपाट करून घेतो, गाडी पुन्हा तापते, कारण वाळू ब्लॉकमध्ये आहे आणि ब्लॉक कुणी उघडलेलाच नाही.

आता १९७८ सालचा एखादा मालक डोळ्यांसमोर आणा. गाडी त्याने दुसऱ्या हाताने घेतलीय. वॉरंटी कधीच संपलीय. मॉडेल बंद झालंय. कंपनीची अवस्था अशी की १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली, तिला याच्या इंजिनाची चिंता कशाला? इंजिन पूर्ण उघडून बांधायचं तर खर्च मोठा, आणि ते बांधणार कोण? आधीच्या दोन खेपांना ज्याने बांधलं, तोच ना? उलट भंगारवाल्याकडे अपघातात गेलेल्या रोव्हरचं चालू इंजिन पडलेलं असतं. फोर्डच्या कॅप्री-ग्रॅनडातून निघालेलं ३ लिटरचं व्ही-६ तर त्याहून सहज मिळतं. त्याला सुटे भाग गल्लोगल्ली, आणि कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून हात घालतो.

त्याने इंजिन बदललं. त्याच्यासारख्या पुष्कळांनी बदललं. माउंट नवे करावे लागले, गिअरबॉक्सशी जोड जमवावी लागली, पण रोव्हरचा व्ही-८ स्टॅगमध्ये मावला. कंपनीच्या इंजिनिअरांना न जमलेली गोष्ट घरामागच्या शेडमध्ये जमली.

आपल्याला यात नवल वाटायला नको. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून देणारी गॅरेजेस आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली. तिथे कुणी ‘गाडीचा आत्मा गेला’ म्हणून गळा काढला नाही. गाडीने उद्या सकाळी सुरू व्हायचं असतं, बस.

याच काळात इंजिन निकामी झाल्यावर काय करायचं याचं अगदी वेगळं उत्तर जर्मनीत दिलं गेलं, आणि तेही मालकाने नव्हे, कंपनीने. एनएसयू या कंपनीने १९६७ मध्ये आरओ ८० ही गाडी आणली. इंजिन वँकेलचं, म्हणजे वर-खाली होणाऱ्या पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरणारं. या रोटरच्या टोकांवरची सीलं झिजायची आणि ५० हजार किलोमीटरच्या आतच अनेक इंजिनं निकामी व्हायची. एनएसयूने वॉरंटीत इंजिनं बदलून दिली, फार चिकित्सा न करता. आरओ ८० वाले रस्त्यात भेटले की बोटं वर करून एकमेकांना खुणावत, माझं कितवं इंजिन चालू आहे ते, असा किस्सा सांगतात. कंपनी सज्जनपणे वागली आणि तो सज्जनपणा तिला परवडला नाही. १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. त्यापुढे आरओ ८० च्या मालकांवरही तीच वेळ आली आणि त्यातल्या काहींनी त्यात फोर्डचं व्ही-४ घातलं. एकीकडे खर्च कंपनीने उचलला, दुसरीकडे तो मालकाच्या गळ्यात पडला. दोन्हीकडे शेवटी फोर्डचं इंजिन हजर.

स्टॅगची अमेरिकेतली विक्री १९७३ मध्येच बंद झाली होती, तिथे तीन हजारही गाड्या खपल्या नव्हत्या. एकूण उत्पादन २६ हजारांच्या आसपास. २००७ मध्ये ‘टाइम’ने जगातल्या सर्वांत वाईट ५० गाड्यांची यादी काढली, तीत स्टॅग होती. इथे कथा संपायला हवी होती.

पण उत्तर पुन्हा बदलायला त्याआधीच सुरुवात झाली होती. दहा-पंधरा वर्षं झाल्यावर स्टॅग स्वस्त झाली आणि ती अशा लोकांच्या हाती आली ज्यांना तिने रोज सकाळी सुरू व्हायलाच हवं असं नव्हतं. त्यांच्याकडे वेळ होता आणि रविवार होते. मालकांचे क्लब झाले. एकाच्या शेडमध्ये उघडलेलं इंजिन आणि दुसऱ्याच्या शेडमध्ये उघडलेलं इंजिन यांच्या नोंदी शेजारी ठेवता येऊ लागल्या. बिघाड तेव्हा कुठे वेगवेगळे दिसायला लागले. ब्लॉक आतून पूर्ण धुवून वाळू काढा. रेडिएटर मोठा घाला. इलेक्ट्रिक पंखा लावा. पाणी कमी झालं तर काट्याच्या भरवशावर न राहता वेगळा अलार्म वाजू द्या. गंजरोधक बारा महिने. चेन वेळेवर बदला. एवढं केलं की हेच बदनाम इंजिन निमूट चालायला लागलं. साबने तर कललेलं चार सिलिंडरचं इंजिन १९७० च्या दशकातच स्वतःच्या कारखान्यात सुधारून घेतलं होतं आणि त्यावर टर्बोही चढवला होता. मूळ कल्पना टाकाऊ नव्हती, हे तिकडे आधीच दिसलं होतं.

आज हौशी बाजारात मूळ इंजिनाच्या स्टॅगला मागणी जास्त. रोव्हर किंवा फोर्डचं इंजिन घातलेल्या गाडीकडे जाणकार जरा नाक मुरडून बघतात. काहींनी तर वीस-तीस वर्षांपूर्वी घातलेलं रोव्हरचं इंजिन काढून ट्रायम्फचं परत बसवलंय.

मला हे नाक मुरडणं पटत नाही. आमच्या धंद्यात याला तोंड द्यावं लागतं. रात्री दोन वाजता सर्व्हर पडलेला असताना कुणीतरी घाईत एक ठिगळ लावतं, आणि तीन वर्षांनी नवीन आलेला मुलगा विचारतो, हे असं कुणी लिहिलंय? १९७८ च्या मालकाला वाळूची गोष्ट माहीत नव्हती. माहीत असायची सोयच नव्हती, कारण ती कळायला शेकडो इंजिनं उघडावी लागणार होती आणि त्याच्याकडे एकच होतं. त्याने इंजिन फेकलं म्हणून गाडी रस्त्यावर राहिली. ज्यांनी हट्टाने तिसऱ्यांदा गॅस्केट बदलायला दिलं आणि मग कंटाळून गाडी अंगणात सडू दिली, त्यांच्या स्टॅग आज कुठे आहेत? त्या इंग्लंडच्या पावसात तळापासून कुजून गेल्या. मूळ इंजिनासकट.

ब्रिटनमध्ये अजून हजारो स्टॅग शिल्लक आहेत, एवढ्या बदनाम गाडीच्या मानाने खूपच. त्यांच्या विक्रीच्या जाहिराती मी अधूनमधून वाचतो, घेण्याची ऐपत नसली तरी. रोव्हरचं इंजिन असलेल्या गाडीच्या वर्णनात शेवटी कधीकधी एक ओळ असते: मूळ इंजिन काढून जपून ठेवलेलं आहे, गाडीबरोबर मिळेल.