कपाशीच्या हिशेबात न दिसणारा खर्च

वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सांभाळणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गसंपत्तीचे दोन भाग केले: कोळशासारखी संपणारी आणि लाकडासारखी पुन्हा भरून येणारी. ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे त्यांचे पुस्तक १९४५ चे.

कपाशीच्या जमाखर्चात बियाणे, खते, फवारणी, वेचणी येते. वाहून गेलेली माती येत नाही. ती माणसाच्या हयातीत परत येत नाही. सेंद्रिय कर्ब मात्र भरून काढता येतो. पऱ्हाटी जाळली की तिच्यातील कर्ब व बहुतेक नत्र हवेत जाते. पुढे युरिया विकतच आणावा लागतो. पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून कुजवावी. बांधावर रचून ठेवू नये, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते.

श्रेडरचे भाडे आज द्यावे लागते, फायदा काही हंगामांनी दिसतो. एका वर्षाच्या ठेक्याने शेत करणारा म्हणूनच काडी लावतो. त्याला दोष देण्यापेक्षा मालकाने ठेका तीन वर्षांचा करावा आणि भाड्यात वाटा उचलावा.