एरंडोलचा कागद आणि एक पाकीट

नात सुट्टीत मेहरूणला आली की माझ्या शिवणाच्या डब्यातली कात्री आधी तिच्या हातात जाते. यंदा दिवाळीत तिनं मैत्रिणीसाठी भेटकार्ड केलं. पणतीचं चित्र, कडेनं टिकल्या, छानच झालं. मग म्हणाली, "आजी, आता याच्या मापाचं पाकीट विकत आणू या ना!" म्हटलं, विकत कशाला? भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटलेलं पान काढलं आणि बसलो दोघी.

चार इंची चौकोनी कार्डाला साडेसहा इंची चौकोनी कागद घ्यायचा. कार्ड मधोमध तिरपं ठेवायचं, चारही कोपरे आत दुमडायचे, तिघांना खळ लावायची, चौथा मोकळा. (कार्डाचा कर्ण ती कागदाची बाजू, वर जोडासाठी पाऊण इंच. मी भाषा-इतिहासाची बाई, पण एवढी भूमिती मलाही येते.) खळीत पूर्वी कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत असू. पोर जवळ होती म्हणून या वेळी नाही घातला.

पाकीट ही गोष्ट आपल्याला फार जुनी वाटते, पण तशी ती नाही. विलायतेत पूर्वी कागदाच्या संख्येवर टपालहशील लागे, म्हणजे पाकिटाचाही एक कागद मोजला जाई. म्हणून लोक पत्रच दुमडून त्यावर लाखेचा ठिपका देत. १८४० मध्ये तिथं पेनी पोस्ट आलं, वजनावर दर ठरला आणि पाकिटं घरोघर गेली. आपल्याकडे दरबारी पत्रं कापडी खलित्यातून जात. किनखापाचा खलिता म्हणजे आजच्या पत्रिकेच्या झगमगीत पाकिटाचा आजोबाच की!

या पेनी पोस्टाच्या कामात असलेल्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचं कार्ड काढून घेतलं. हजार प्रती छापल्या, किंमत एक शिलिंग. चित्रात अख्खं कुटुंब मद्य पीत होतं, लहान मूलसुद्धा, त्यामुळे टीकाही झाली. आपल्याकडे १८७९ साली पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं आणि साध्या माणसाची सोय झाली.

पण आपल्या घरांत कार्ड रुजलं ते संक्रांतीमुळे, असं माझं मत. बटर पेपरच्या पुडीत चार दाणे हलवा, ती पुडी कार्डाला चिकटवलेली. पोस्टात शिक्क्याच्या ठोक्यानं हलव्याचा भुगा होई, तरी तो चिमटीनं खायचा. दसऱ्याला आपट्याचं पान पाकिटातून जाई. पाकीट उघडं ठेवलं तर बुकपोस्टाचा दर कमी पडे, तो हिशेबही असे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही भेंडीचे ठसे, दोऱ्याची चित्रं, दात घासायच्या ब्रशानं उडवलेले तुषार, पिंपळपानाची जाळी असं काय काय करून घेत असू. जाळीचं पान पाण्यात कुजताना वर्गात जो वास सुटे, तो विसरणं शक्य नाही!

आता मूळ गोष्ट सांगते. १९८० च्या आसपास माझ्या वर्गात एक मुलगा होता. मूळचं घर एरंडोलचं, आणि आडनावातच कागद. संक्रांतीची कार्डं करायला सांगितली तेव्हा बाकीच्यांनी दुकानातून गुळगुळीत कार्डशीट आणलं. यानं आणला जाडाभरडा, पिवळट, कडा वेड्यावाकड्या असलेला कागद. पाकीटही त्याचंच. म्हणाला, "बाई, आजोबांच्या पेटीतला आहे." मी दहापैकी चार गुण दिले आणि मागे लाल शाईनं लिहिलं, "कागद स्वच्छ वापरावा." तो काही बोलला नाही. कार्ड मलाच द्यायचं होतं, ते देऊन गेला.

बी.ए.ला इतिहास शिकले होते, पण तीसेक किलोमीटरवरच्या एरंडोलचा इतिहास मला निवृत्तीनंतर कळला. इंग्रजी अमदानीतल्या १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये लिहिलंय की एरंडोल पूर्वी देशी कागदासाठी प्रसिद्ध होतं आणि तो धंदा तेव्हाही थोडाफार टिकून होता. यावलचंही नाव त्याच कारणानं आलंय, तिथं जोडीला नीळ. म्हणजे आमच्या खानदेशात कागदाची दोन गावं होती, आणि मी मुलांना सांगत होते कागदाचा शोध चीनमध्ये लागला एवढंच.

देशी कागदाची रीत कष्टाची. चिंध्या, जुने दोर, गोणपाट चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, कुटायचं, धुवायचं, पुन्हा कुटायचं. तो लगदा हौदात कालवून साच्यावर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, खळ देऊन गुळगुळीत दगडानं घोटायचा. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हे टिकणार कसं? १९३४ नंतर अखिल भारत ग्रामोद्योग संघानं हातकागदाला पुन्हा हात दिला. १९३६ च्या डिसेंबरात आमच्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन झालं, तिथंही ग्रामोद्योगांचं प्रदर्शन होतं. १९४० मध्ये पुण्याला के. बी. जोशींच्या प्रयत्नांतून हातकागद संस्था उभी राहिली. तिथली कार्डं आणि पाकिटं पुष्कळांनी पाहिली असतील.

त्या मुलाचं कार्ड माझ्याकडे आहे. त्याच वर्षीची गुळगुळीत कार्डंही आहेत. ती पिवळी पडून घडीवर तुटली. गिरणीच्या लाकडी लगद्यात तुरटीचं आम्ल राहतं, ते कागदाला आतून खातं. चिंध्यांचे तंतू लांब, त्यात चुना मुरलेला. त्याचं कार्ड अजून उघडझाप करून बघा, घडी शाबूत आहे.

नातीला दाखवलं. तिनं उलटं करून लाल अक्षर वाचलं आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं गं?" सांगावं लागलं.

तो मुलगा आता साठीच्या जवळ आला असेल. पत्ता शोधतेय. एरंडोल-यावलकडच्या आपल्या कुणा नातेवाइकांकडे देशी कागदाच्या जुन्या वह्या, खतावण्या असतील तर रद्दीत घालू नका, मला कळवा. मी स्वतः येऊन बघेन.